मासा मोठा व्हायला लागणारी वर्षं

जानेवारी सरत आला की नॉर्वेच्याही वरच्या अंगाला पसरलेल्या बॅरेंट्स समुद्रातून वयात आलेले कॉड मासे दक्षिणेची वाट धरतात. कॅपेलिनसारख्या बारीक मासळीवर ते पोसलेले असतात, माद्यांच्या पोटात गाबोळी धरलेली असते. हिवाळ्याच्या अंधारात हजारेक किलोमीटर पोहून ते लोफोटेनच्या बेटांपाशी येतात आणि एप्रिलपर्यंत तिथेच अंडी घालतात. या फिरस्त्या कॉडला तिकडे स्क्रेई म्हणतात. किनारा धरून राहणारा कॉड वेगळा. तो रंगाने गडद, अंगाने आखूड. स्क्रेई लांबट, फिकट, पोटाला पांढराशुभ्र आणि एवढं अंतर कापून आल्यामुळे घट्ट मांसाचा.

लोफोटेनच का, याचं उत्तर पाण्यात आहे. ही बेटं आर्क्टिक वर्तुळाच्या उत्तरेला, ६८ अक्षांशावर आहेत. तरी तिथला समुद्र गोठत नाही, कारण अटलांटिकचा उबदार प्रवाह नॉर्वेच्या किनाऱ्याने थेट वरपर्यंत जातो. बेटं आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये वेस्टफ्योर्ड नावाची रुंद खाडी आहे. हिवाळ्यात तिच्यात वर किनाऱ्याचं गार, कमी खारं पाणी असतं आणि खाली अटलांटिकचं उबदार, जास्त खारं. दोन्ही पाणी जिथे भेटतं तिथे तापमान चार ते सहा अंश असतं. स्क्रेईला तोच थर हवा असतो. तो कधी पन्नास मीटरवर सापडतो, कधी दीडशेवर. वाऱ्याने वरचं पाणी ढकललं की रातोरात खाली-वर होतो. लोफोटेनच्या मच्छीमाराची निम्मी विद्या हा थर शोधण्यात जाते.

या थरात नर आपल्या वाताशयाच्या, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीच्या, स्नायूंनी घुमल्यासारखा आवाज काढतात, माद्या कित्येक दिवस थोडी थोडी करून अंडी सोडतात. पाच किलोची मादी एका मोसमात वीस लाखांवर अंडी सोडते. अंडं जेमतेम दीड मिलिमीटरचं. ती सगळी तरंगत वर येतात. हे जगाला ठाऊक नव्हतं. बाकीच्या पुष्कळ माशांसारखी कॉडची अंडीही तळाला पडून राहतात असाच समज होता. १८६०च्या दशकात गेओर्ग ओसियान सार्स या तरुण शास्त्रज्ञाला नॉर्वे सरकारने कॉडचा अभ्यास करायला लोफोटेनला पाठवलं, आणि त्याला ती अंडी पाण्याच्या वरच्या थरात तरंगताना मिळाली. किनाऱ्याचा प्रवाह ती अंडी, नंतर त्यांतून निघालेली पिल्लं उत्तरेला वाहून नेतो. एप्रिलात ऊन वाढतं, पाण्यात प्लवक (तरंगते बारीक जीव) माजतं, पिल्लांना पहिला घास मिळतो. शरद येईतो वाचलेली पिल्लं बॅरेंट्स समुद्रात, म्हणजे आईबाप जिथून निघाले होते तिथे, पोचलेली असतात. मग सात-आठ वर्षांनी, वयात आल्यावर, ती दक्षिणेला निघतात.

मी स्टावांगरला राहते, तेलाच्या धंद्यात नोकरी करते. लोफोटेन तिथून फार लांब, उत्तरेला. ऑफिसातल्या मैत्रिणीचं माहेर लोफोटेनमधल्या हेनिंग्सवेर गावचं. तिचे वडील अजून बोटीवर जातात. मार्चमध्ये ती घरी निघाली तेव्हा मीही तिच्याबरोबर गेले. माझं लहानपण दापोली तालुक्यातलं. रविवारी संध्याकाळी बाबांबरोबर हर्णैच्या बंदरावर लिलावाला जायचं, ओल्या वाळूत उभं राहून टोपल्यांभोवतीचा कालवा ऐकायचा, हा आमचा शिरस्ता होता. तेव्हापासून कुठल्याही बंदराला गेलं की माझे पाय आपोआप मासळी उतरते त्या जागेकडे वळतात.

बोट लहान होती, दहा-अकरा मीटरची. मैत्रिणीच्या वडिलांना मी इथे तांडेलच (आपल्याकडचा बोटीचा प्रमुख) म्हणते. तिकडे सगळे त्यांना नावाने हाक मारतात, माझ्या तोंडात ते बसत नाही. ते साठी कधीच ओलांडलेले, बोलायला मोजके. पहाटे निघालो तेव्हा हवा उणे सहा-सात होती आणि समुद्र तिच्यापेक्षा पुष्कळ उबदार, त्यामुळे पाण्यावरून वाफा निघत होत्या. डोंगर थेट समुद्रातून उभे राहिलेले, बर्फाने मढलेले. मार्चमध्ये तिकडे उजेड परत आलेला असतो. डिसेंबरात ज्यांना सूर्य दिसलेला नसतो त्यांच्या चेहऱ्यावर तो कळतो.

त्यांची मासेमारी युक्साची, म्हणजे हातदोरीची. पूर्वी दोरी हाताने खालीवर झटकत, आता कठड्याला बसवलेली यंत्रं झटकतात. दोरीच्या टोकाला जड वजन, वर ओळीने चार-पाच गळ, प्रत्येक गळाला लाल-पिवळी रबराची नळी. आमिष नाही. मासा त्या हलत्या रंगावर झेपावतो. मासा शोधायच्या यंत्राच्या पडद्यावर नव्वद मीटरच्या आसपास एक जाड लाल पट्टा दिसत होता. तांडेलांनी इंजिन मंद केलं, वाऱ्याच्या तोंडावर बोट धरली आणि दोऱ्या सोडल्या. मला वाटलं, थोडा वेळ जाईल. वजन पट्ट्यात पोचलं न पोचलं तोच पहिली दोरी ताठ झाली.

मासा वर येतो तो जवळजवळ हार मानूनच. एवढ्या खोलीवरून भरभर वर ओढला की त्याचं वाताशय फुगतं, त्याला परत खाली जाता येत नाही. आधी हिरव्या पाण्यात काहीतरी फिकट हललं, मग एकेक गळ वर आला. तांडेल हातातल्या आकड्याने मासा डोक्यापाशी धरून आत घेत, एका चिरेत कल्ल्यांखालची मोठी शीर कापत आणि वाहत्या समुद्राच्या पाण्याच्या टाकीत टाकत. रक्त पुरतं वाहून गेलं नाही तर मांस गुलाबी राहतं आणि भाव पडतो. हात इतक्या सहज चालत होते की मासे कमी नि हातच जास्त बघत राहिले मी. हनुवटीखालची ती एकुलती मिशी, कुशीवरून शेपटीकडे गेलेली पांढरी रेघ, कातडीवरचे बारीक ठिपके. सुरमईसारखा झगमगाट नाही अंगावर. साधा, गंभीर दिसणारा मासा.

दुपारच्या अलीकडे एक दोरी अशी वाकली की यंत्र कुरकुरलं. वर आली ती बावीस किलोची मादी. डोकं माझ्या दोन्ही पंजांत मावेना. तिकडे तीस किलोच्या वरच्या कॉडला कॉफीचा कॉड म्हणतात, कारण पूर्वी तसा मासा आणणाऱ्याला खरेदीदार किलोभर कॉफी बक्षीस देई. ही त्यापेक्षा लहान, पण तांडेलांनीही क्षणभर थांबून पाहिलं. पोट फाडल्यावर दोन-अडीच किलोची गाबोळी निघाली, केशरी-गुलाबी, कातड्याच्या पिशवीत घट्ट भरलेली. काळीज, म्हणजे यकृत, एका बादलीत, गाबोळी दुसऱ्या. मग त्यांनी डोकं फळीवर ठेवलं, सुरीने मेंदूच्या मागे एक आडवा छेद दिला आणि चिमट्याने दोन पांढरे खडे बाहेर काढले. चिंचोक्याएवढे, पन्हाळीसारखे थोडे वाकलेले. कानातले खडे. मासा त्यांच्यावर तोल सांभाळतो. त्यांनी एक खडा अंगठ्याच्या नखावर धरून मधोमध मोडला आणि खिशातलं भिंग माझ्याकडे दिलं.

मोडलेल्या बाजूवर कडी होती. झाडाच्या बुंध्यात असतात तशी, वर्षाला एक. उन्हाळ्याचं रुंद आणि दुधी, हिवाळ्याचं अरुंद आणि काचेसारखं. मधली सात-आठ कडी ऐसपैस होती, त्यानंतरची अरुंद, एकमेकांना चिकटून.

"इथपर्यंत नुसती वाढली," ते म्हणाले. "इथून पुढे दर वर्षी इकडे आली. अंडी घालायला लागली की अंगाला कमी मिळतं, कडं बारीक पडतं. बघ, मोज."

कड्यांच्या दाटीतून ज्या वर्षी मासा पहिल्यांदा अंडी घालतो ते वाचता येतं, हे गुन्नार रोलेफसेन या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने १९३३ साली दाखवून दिलं. बेर्गनच्या समुद्र संशोधन संस्थेत असे खडे दर वर्षी हजारोंनी तपासतात आणि त्यावरून समुद्रात कुठल्या वयाचा किती मासा आहे याचा हिशेब मांडतात. मला ते सगळं वाचून माहीत होतं. पण हातातल्या त्या खड्यावर तेरा कडी मोजली तेव्हा पोटात काहीतरी हललं. ही मादी जन्मली तेव्हा मी नॉर्वेत पाऊलही टाकलं नव्हतं. तिने सात-आठ वर्षं बॅरेंट्स समुद्रात काढली, मग पाचेक हिवाळे एवढा लांबचा प्रवास करून आली, अंडी घातली, परत गेली. अशी किती जाळी, किती गळ चुकवून.

त्या दिवसापासून मोठा मासा म्हटलं की मला वजन आठवत नाही, वर्षं आठवतात. पुष्कळ खायला मिळालं म्हणून कॉड वर्षभरात वीस किलोचा होत नाही. त्याला वर्षं द्यावी लागतात. आणि ती द्यायची म्हणजे दर वर्षी कोणीतरी कुठेतरी हात आखडता घ्यायचा. मोठी, जुनी मादी जास्त अंडी घालते, शिवाय जास्त दिवस पसरून घालते. पिल्लांना प्लवक कधी मिळेल याचा नेम नसतो, म्हणून हा पसारा महत्त्वाचा. गेल्या शतकाच्या मध्याआधी हा कॉड नऊ-दहा वर्षांचा झाल्यावर अंडी घालायला येई. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॉलरांनी, म्हणजे मागे जाळं ओढणाऱ्या मोठ्या बोटींनी, बॅरेंट्स समुद्र वर्षानुवर्षं उपसला, उशिरा वयात येणारे मासे अंडी घालण्याआधीच मारले गेले, आणि ते वय दोन-तीन वर्षांनी खाली आलं. एखाद्या जातीचं बालपण माणसाने आखूड केलं, असं ते आहे.

तरीही लोफोटेनला मासा येतो आहे. हजार वर्षं येतो आहे. व्हायकिंगांच्या काळापासून इथला सुका कॉड बाहेर जात होता. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला ओयस्टाइन राजाने काबेलवोगजवळ चर्च बांधलं आणि लांबून वल्हवत येणाऱ्या मच्छीमारांना डोकं टेकायला खोपटी बांधून दिली, असं जुन्या नोंदी सांगतात. आज पर्यटक महागड्या भाड्याने ज्या लाल लाकडी घरांत राहतात ती रोर्बू नावाची घरं याच खोपट्यांची पुढची पिढी. १८९५ साली मोसमाला तीस हजारांहून जास्त मच्छीमार लोफोटेनला जमले होते, बहुतेक उघड्या होड्यांतून, चौकोनी शिडं लावून. आता त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढेही नसतील. बुडणाऱ्यांचा हिशेबही तसाच होता. १८४९च्या फेब्रुवारीत एका वादळात शेकडो माणसं एकदम गेली.

हे सगळं टिकलं ते नुसत्या दर्याच्या कृपेने नाही. मला लोफोटेनच्या इतिहासात सगळ्यांत मोलाचा वाटतो तो भांडणांचा भाग. किनाऱ्यावरच्या बंदरांचे मालक एके काळी समोरच्या समुद्रावरही हक्क सांगत. कुणी कुठे जाळं टाकायचं ते ठरवत. १८५७च्या कायद्याने तो हक्क काढून घेतला आणि समुद्र मासे मारणाऱ्या सगळ्यांचा ठरला. मग १८९०चा मार्च आला. लोफोटेनमधल्याच स्वोल्वेर गावाच्या पूर्वेला ट्रोलफ्योर्ड नावाची चिंचोळी खाडी आहे, तोंडाशी शंभरेक मीटर रुंद, आत दोनेक किलोमीटर लांब, दोन्ही बाजूंना उभे कडे. त्या मोसमात तिथे कॉडची प्रचंड दाटी झाली. भांडवलदारांच्या वाफेच्या बोटींनी खाडीचं तोंड मोठ्या जाळ्यांनी बंद केलं. आतला सगळा मासा आपला. बाहेर शेकडो उघड्या होड्या जमल्या. हाणामारी झाली, वाफेच्या बोटींवरून होड्यांवर पाण्याचा मारा झाला, शेवटी होड्या आत घुसल्या. गुन्नार बेर्ग या स्वोल्वेरच्याच चित्रकाराने हा प्रसंग मोठ्या पटावर रंगवला आहे. स्वोल्वेरला ते चित्र पाहताना मी हलले नाही बराच वेळ. बर्फ, अंधारं पाणी, धुरांडी, आणि त्यांच्याभोवती वल्ही उगारलेली माणसं. काही वर्षांतच लोफोटेनच्या कॉडसाठी अशा वेढ्याच्या जाळ्यांवर कायद्याने बंदी आली. पुढे समुद्राचे पट्टे पाडले गेले: इथे जाळी, इथे लांबदोऱ्या, इथे हातदोरी. हे पट्टे ठरवायचं काम मच्छीमारांनी निवडलेल्या पंचांकडे होतं, सकाळी निघायची वेळही बांधलेली.

कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पर्ससीनचं मोठं जाळं आणि किनाऱ्याजवळ रापण किंवा छोटं जाळं टाकणारा पारंपरिक मच्छीमार यांचं भांडण रत्नागिरी-मालवणला मी ऐकत आले आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले, २०१७ मध्ये केंद्राने प्रखर दिवे लावून मासे मारायला बंदी केली, २०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ जातींच्या माशांसाठी पकडायची किमान लांबी ठरवून दिली. कागदावर आपण वाईट नाही आहोत. पण जून-जुलैची बंदी उठली की पहिल्या आठवड्यात बंदरावर जी बोटाएवढी मासळी उतरते, आणि जी माणसाच्या पोटात न जाता फिशमिलच्या कारखान्यात जाते, ती पाहिली की कायदा आणि दर्या यांच्यामध्ये केवढी खाडी आहे ते कळतं. बाबा हातभर लांबीच्या रावसाच्या गोष्टी सांगत. मी रावस पाहिले, खाल्ले, पण तसे क्वचितच. माझ्या भाच्याला ते फोटोत दाखवावे लागतात.

नॉर्वेतही सगळं आलबेल होतं असं नाही. १९८०च्या दशकाअखेरीस कॉडचा साठा इतका खालावला की १९८९ साली ऐन एप्रिलमध्ये किनाऱ्यावरच्या बोटींची मासेमारी थांबवावी लागली. ज्यांनी हजार वर्षं कोणाला विचारून मासे मारले नव्हते त्यांना पुढच्या वर्षापासून बोटीमागे ठराविक टनांचा वाटा मिळू लागला. त्याआधी १९८७ पासून कॉड परत समुद्रात फेकायला बंदी होती. जो वर आला तो बंदरावर आणायचाच, म्हणजे लहान फेकून मोठा ठेवायची चलाखी करता येत नाही. लोक चिडले, पण साठा सावरला. त्याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये उलट घडत होतं. तिथला कॉड पाचशे वर्षं युरोपला पुरला होता. धोक्याचे इशारे येत राहिले, वाटा कमी करायला कोणी धजेना, आणि २ जुलै १९९२ रोजी कॅनडाला तो समुद्रच बंद करावा लागला. तीस हजारांच्या आसपास माणसांचं काम एका दिवसात गेलं. दोन वर्षांपुरती म्हणून केलेली बंदी २०२४ पर्यंत चालली, आणि उठली तेव्हाही मासा पूर्वीसारखा आलेला नव्हता.

बॅरेंट्स समुद्रातला कॉड नॉर्वे आणि रशिया यांच्यात वाटला जातो. दोन्ही देशांचा संयुक्त आयोग १९७०च्या दशकापासून दर वर्षी बसतो. शीतयुद्धातही बसला, युक्रेनवरच्या हल्ल्यानंतरही वाटा ठरत राहिला. २०१३ साली हा वाटा दहा लाख टनांवर गेला होता. २०२५ साठी तो ३ लाख ४० हजार टनांवर आणला, तेव्हा तो १९९१ नंतरचा सगळ्यांत कमी होता. मला हा आकडा वाचून वाईट वाटलं आणि धीरही आला. वाईट अशासाठी की पाणी तापतं आहे, नवे मासे कमी जगताहेत, मासा उत्तरेला सरकतो आहे. धीर अशासाठी की आकडा खाली आणायची हिंमत कोणीतरी केली. तांडेलांचा वाटा निम्म्याहून कमी झाला. त्यांनी त्याबद्दल तक्रार केली, पण वाटा कमी केल्याबद्दल नाही. मोठ्या ट्रॉलरांच्या वाट्यातून आणखी कापायला हवं होतं, असं त्यांचं म्हणणं. माझंही तेच मत आहे. दहा मीटरच्या बोटीवरचा माणूस मासा येईल तिथे थांबतो. ट्रॉलर मासा जिथे असेल तिथे जातो, वर्षभर.

बोट परतली की मासा तोलला जातो आणि त्याच दिवशी भाव लागतो. भाव किती खाली जाऊ शकतो याला मर्यादा आहे. १९३८ पासून नॉर्वेत मच्छीमारांच्या स्वतःच्या विक्री संस्थेला कायद्याने किमान भाव ठरवायचा अधिकार आहे. उत्तरेला ती संस्था म्हणजे नॉर्गेस रोफिस्कलाग. त्याखाली खरेदीच होत नाही. हर्णैच्या वाळूत भाव पडताना ज्यांचे चेहरे मी पाहिलेत त्यांना हे सांगायला मला आवडेल.

मग मासा वाळत घातला जातो. गावाबाहेर, खडकांवर, अगदी हेनिंग्सवेरच्या प्रसिद्ध फुटबॉल मैदानाच्या भोवतीसुद्धा, लाकडी वाशांचे उंच मांडव आहेत. डोकं काढलेले, साफ केलेले दोन-दोन कॉड शेपटीशी दोरीने जोडून वाशावर टांगतात. मीठ नाही. फेब्रुवारी ते मे तिकडचं हवामान गोठणबिंदूच्या आसपास असतं. माश्या नाहीत, कडक हिम नाही, खारा वारा सतत. तीनेक महिन्यांत माशातलं बहुतेक पाणी जातं आणि हातात धरला तर लाकडासारखा वाजतो. वसई-सातपाटीकडे वलांडीवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीने लटकवतात ते डोळ्यांसमोर आलं आणि मी तिथेच थांबून मैत्रिणीला बोंबलाबद्दल सांगत बसले. तिला बोंबलाचा फोटो पाहून तो मासा आहे हे पटायला वेळ लागला.

सुक्या कॉडची प्रत लावणारे जाणकार असतात, ते नाक आणि बोटं लावून वीसेक प्रती वेगळ्या करतात. सर्वांत चांगला माल इटलीला जातो. पिएत्रो क्वेरिनी नावाच्या व्हेनिसच्या व्यापाऱ्याचं जहाज वादळात भरकटलं आणि १४३२च्या जानेवारीत तो लोफोटेनच्या टोकाच्या रोस्ट बेटावर लागला. बेटावरच्या लोकांनी त्याला आणि त्याच्या माणसांना काही महिने सांभाळलं, जाताना वाळवलेला कॉड दिला. व्हेनिसच्या बाजूला आजही त्या माशाची जेवणं घालतात. वाळवलेली डोकी मात्र नायजेरियाला जातात, तिथल्या रश्शात पडतात. १९६०च्या दशकातल्या बियाफ्राच्या युद्धात उपासमार झाली तेव्हा मदत म्हणून पाठवलेल्या सुक्या कॉडने तिथे कायमचं घर केलं. काळजाचं तेल, म्हणजे कॉड लिव्हर ऑइल, तर आपल्याकडेही आलं. शाळेत असताना डॉक्टरांनी लिहून दिलेल्या त्या पिवळ्या पारदर्शक गोळ्या आईने मला हिवाळाभर दिल्या, आणि त्यांच्यामागे हे पाणी आहे हे मला तेव्हा कोण सांगणार होतं.

त्या रात्री जेवायला मोल्ये होतं: उकडलेला मासा, काळीज, गाबोळी, बटाटे. मासा ताटात पाकळ्या पाकळ्यांनी सुटतो. काळीज मला जड गेलं. गाबोळीचा तुकडा मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच स्वयंपाकघरात हळद, तिखट, मीठ, आमसुलाचं पाणी लावून, रव्यात घोळवून तव्यावर परतली. तांडेलांनी दोनदा वाढून घेतली.

एक गोष्ट त्यांच्या घरात बोलताना मी टाळली नाही, कारण ती टाळणं बरं दिसलं नसतं. लोफोटेन, व्हेस्टेरोलेन आणि सेन्या या पट्ट्याच्या समुद्राखाली तेल आहे असं मानलं जातं. माझ्या क्षेत्रातल्या पुष्कळांची त्याच्यावर नजर होती. स्क्रेईची अंडी ज्या पाण्यातून वाहत जातात तेच हे पाणी. इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं विरोध केला आणि २०१९ साली मजूर पक्षानेही तिथे तेल शोधायला असलेला पाठिंबा काढून घेतला. ज्या पगारावर माझं घर चालतं तो तेलातून येतो, तरी हा पट्टा बंद राहिला याचा मला मनापासून आनंद आहे. तेल आज काढलं नाही तर ते खाली राहतं. तेरा कड्यांच्या मादीबद्दल तसं म्हणता येत नाही.

निघायच्या दिवशी धक्क्यावर तांडेलांची नात काम करत होती. बारा-तेरा वर्षांची, तिच्या मापाला मोठा पडणारा केशरी ऑइलस्किनचा पोशाख. तिकडे कॉडच्या जिभा कापायचं काम पिढ्यान्‌पिढ्या मुलांचं. समोर पाटीवर एक उभा अणकुचीदार खिळा. ती पिंपातून डोकं उचलायची, हनुवटीकडून खिळ्यावर दाबायची, जीभ वर येई, सुरीचा एक फटका, डोकं उजवीकडच्या पिंपात, जीभ डावीकडच्या बादलीत. मिनिटाला कितीतरी. जीभ काढलेलं डोकंही वाया जात नाही, ते वाळवायला जातं. जिभा ती स्वतः विकते, पैसे तिचेच.

पैशाचं काय करणार, मी विचारलं. उन्हाळ्यात मुलांसाठी मासेमारीची वेगळी योजना असते, बारा वर्षांवरच्यांना छोट्या होडीतून मर्यादित मासा मारून रीतसर विकता येतो. तिला आजोबांची जुनी होडी मिळणार होती, पण इंजिन गेलेलं. गावातल्या एकाचं वापरलेलं इंजिन तिने बघून ठेवलं होतं.

"आजोबा म्हणतात वल्हव," ती म्हणाली. "पण वल्हवत गेले तर थरापर्यंत पोचेतो दुपार होते. आणि सकाळीच मासा वर असतो."

आणखी किती जिभा लागतील असं विचारल्यावर तिने बादलीकडे पाहून मनात हिशेब केला, इस्टरपर्यंत जमेल म्हणाली, आणि पुढचं डोकं उचललं.